पहिला फाळके पुरस्कार पडदा सोडून पाव शतक उलटलेल्या देविका राणींना का मिळाला असेल?

वाचनकट्टा, अंबाजोगाई

नमस्कार. मी येथील एका सार्वजनिक वाचनालयाच्या महिला वाचक गटाचे काम पाहते. येत्या ३० एप्रिलला दादासाहेब फाळके यांच्या जन्मदिनी आमच्या गटाने एक छोटा कार्यक्रम ठरवला आहे आणि त्यासाठी फाळके पुरस्कार मिळालेल्या स्त्रियांची माहिती मी गोळा करत आहे. यादीतले पहिलेच नाव देविका राणी यांचे आहे. १९६९ साली हा पुरस्कार सुरू झाला आणि त्या पहिल्या वर्षाचा मान त्यांना मिळाला. तयारीत मला मदत करणाऱ्या बारावीतल्या मुलीने ती यादी पाहून विचारले, "मावशी, यांचा शेवटचा चित्रपट १९४३ चा आहे, मग १९६९ साली पुरस्कार कशाचा दिला?" मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी मिळेल ते वाचले. बहुतेक लेख त्यांचे पहिले पती हिमांशु राय, दोघांचा बॉम्बे टॉकीज स्टुडिओ, 'अछूत कन्या' आणि अशोककुमार या क्रमाने जातात आणि "१९४५ साली रशियन चित्रकाराशी विवाह करून त्या चित्रपटसृष्टीपासून दूर गेल्या" या वाक्यापाशी थांबतात. त्यानंतर थेट ९ मार्च १९९४ या निधनाच्या तारखेचा उल्लेख येतो. मधली एकोणपन्नास वर्षे एका वाक्यात संपवलेली पाहून मला वाईट वाटले. पडद्यावरची त्यांची कारकीर्द जेमतेम दहा वर्षांची आहे. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग आपण वाचलेलाच नाही.

या प्रश्नात माझी थोडी घरगुती ओढही आहे. माझ्या सासूबाईंचे वडील निजामाच्या काळात परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यान रेल्वे फाटकावर नोकरीला होते. लहानपणी एका यात्रेत तंबूतल्या सिनेमात सासूबाईंनी 'अछूत कन्या' पाहिला होता. त्यातली देविका राणींची कस्तुरी ही फाटकवाल्याचीच मुलगी, आणि शेवटी धावती गाडी थांबवताना ती जीव गमावते. सासूबाई आज नव्वदीच्या पुढे आहेत, पण तो प्रसंग सांगताना त्यांचा आवाज अजूनही कापतो. देविका राणींचे नाव काढताच त्यांनी मला विचारले, "त्या बाईचं पुढं काय झालं गं?"

तेव्हा माझे विचारणे असे आहे की १९४५ नंतर देविका राणी नेमके काय करत होत्या, आणि त्या कामाचा या पुरस्काराशी काही संबंध होता का? जाणकारांनी सविस्तर लिहावे. त्यांच्या सौंदर्याविषयी आणि पहिल्या संसारातल्या गोष्टींविषयी भरपूर वाचायला मिळाले आहे, ते कृपया पुन्हा नको.

पडद्यामागे, छत्रपती संभाजीनगर

ताई, प्रश्न फार योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी पूर्वी चित्रपट रसग्रहणाचे वर्ग घेत असे आणि त्या वेळी मलाही ही उणीव जाणवत असे. उत्तरासाठी मला १९४५ च्या थोडे मागे जावे लागेल, कारण पडदा सोडण्याआधीच त्यांचे काम नटीच्या कामापेक्षा वेगळे झालेले होते.

बॉम्बे टॉकीज १९३४ साली मालाडला उभी राहिली ती भागधारकांची कंपनी म्हणून. तिला संचालक मंडळ होते, हिशेब होते, पगारी नोकर होते. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि काही प्रमुख तंत्रज्ञ जर्मन होते. १९३९ साली युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केले आणि स्टुडिओचे हातपायच गळाले. पुढच्याच वर्षी, मे १९४० मध्ये, हिमांशु राय वारले. त्या वेळी देविका राणी बत्तीस वर्षांच्या होत्या. त्यांनी स्टुडिओची सूत्रे हातात घेतली आणि पुढची पाच वर्षे, कच्च्या फिल्मची टंचाई असताना, कंपनीतच दोन तट पडलेले असताना, चित्रपट काढत राहिल्या. १९४२ चा 'बसंत' आणि १९४३ चा 'किस्मत' हे याच काळातले. 'किस्मत' कलकत्त्याच्या एकाच चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. शशधर मुखर्जी, अशोककुमार वगैरे मंडळी बाहेर पडून त्यांनी फिल्मिस्तान काढली, तेव्हा नव्या माणसांचा शोध घेण्याची वेळ आली, आणि त्या शोधात त्यांनी यूसुफ खान या फळांच्या व्यापाऱ्याच्या मुलाला महिना १२५० रुपये पगारावर ठेवून घेतले. दिलीपकुमार हे नाव त्यांनीच त्यांना सुचवले आणि १९४४ च्या 'ज्वार भाटा'त ते पहिल्यांदा पडद्यावर आले.

हे सांगण्याचे कारण असे की १९४५ साली त्यांनी सोडले ते केवळ मेकअपचे टेबल नव्हते. त्यांनी एका कारखान्याची सूत्रे सोडली, आपला हिस्सा विकला आणि त्या निघून गेल्या. अभिनेत्री काम मिळेनासे झाल्यावर घरी बसते, हा आपल्या मनातला जो ठरीव साचा आहे, त्यात त्या बसत नाहीत. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, स्टुडिओ चालू असताना, त्यांनी स्वतः दार ओढून घेतले.

त्यांचे दुसरे पती स्वेतोस्लाव रोरिक हे १९०४ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मलेले चित्रकार. त्यांचे वडील निकोलस रोरिक हे मोठे चित्रकार आणि संशोधक. हे कुटुंब हिमाचलात कुलूजवळच्या नग्गर या गावी स्थायिक झालेले होते आणि हिमालयातील वनस्पती, भाषा आणि परंपरा यांच्या अभ्यासासाठी त्यांनी 'उरुस्वती' नावाची संस्था १९२८ साली तेथे काढलेली होती. विवाहानंतरची पहिली काही वर्षे देविका राणी त्या डोंगरातच राहिल्या. निकोलस रोरिक १९४७ च्या डिसेंबरमध्ये गेले आणि पुढे हे दांपत्य बंगळूरकडे आले. शहराबाहेर कनकपुरा रस्त्यावर तातगुणी नावाची साडेचारशे एकरांहून मोठी मळ्याची जमीन त्यांनी घेतली आणि पुढची अनेक वर्षे ते तेथे राहिले.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. १९५५ साली दिल्लीत संगीत नाटक अकादमीने चित्रपटावर एक परिसंवाद भरवला. पंतप्रधान नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. निर्माते, दिग्दर्शक, नट, लेखक, संगीतकार आणि तंत्रज्ञ अशी वेगवेगळ्या भाषांतली माणसे सरकारच्या अकादमीच्या व्यासपीठावर एकत्र आली आणि त्यांनी आपल्या धंद्याविषयी, त्यातल्या कलेविषयी आणि त्यापुढच्या अडचणींविषयी निबंध वाचले, चर्चा केली. या परिसंवादाच्या आयोजनाची मुख्य जबाबदारी देविका राणी रोरिक यांच्याकडे होती. त्या वेळी चित्रपट काढणे सोडून त्यांना दहा वर्षे झाली होती. माझ्या मते ही घटना त्यांच्या चित्रपटांइतकीच महत्त्वाची आहे. संगीत आणि नृत्य यांना राजमान्यता होती, नाटकाला होती. सिनेमाकडे मात्र सरकारदरबारी करमणूक कर आणि सेन्सॉर या दोनच खिडक्यांतून पाहिले जात असे. त्या सिनेमाला अकादमीच्या दारातून आत नेण्याचे काम ज्यांनी केले त्यांत ही बाई पुढे होती, आणि तिचा धंद्यात कोणताही स्वार्थ उरलेला नसल्यामुळेच सर्व तटांची माणसे तिच्या बोलावण्यावरून येऊ शकली असावीत. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे.

१९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी नर्गिस यांनाही मिळाली. नंतर फाळके पुरस्कार आला. सुरुवातीच्या मानकऱ्यांची यादी पाहा: पहिल्या देविका राणी, दुसरे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार. दोघेही स्टुडिओ उभे करून चालवणारे. फाळक्यांनी स्वतः काय केले होते? कॅमेरा आणण्यापासून रसायनात फिल्म धुण्यापर्यंत सगळा कारखानाच उभा केला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार आधी अशाच माणसांना द्यावा असे देणाऱ्यांना वाटले असेल, तर ते मला अगदी रास्त वाटते. शिवाय १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळाली नाही आणि साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकी पुढे आल्या. त्याच फाळक्यांच्या नावाचा पहिला सन्मान एका स्त्रीला मिळाला, हे तुमच्या गटातल्या महिलांना अवश्य सांगा.

गोदाकाठ, नांदेड

वरील माहिती उत्तम आहे, परंतु एक शंका नम्रपणे मांडतो. देविका राणी या रवींद्रनाथांच्या घराण्याशी नात्याने जोडलेल्या, वडील मद्रास प्रांतातले मोठे सर्जन, शिक्षण लंडनचे, दुसरे पती जगप्रसिद्ध कुटुंबातले. साडेचारशे एकरांच्या मळ्यात राहणाऱ्या व्यक्तीच्या आयुष्याला आपण "पडद्यानंतरचे कर्तृत्व" म्हणावे का? त्याच काळातल्या कितीतरी नट्या हालअपेष्टांत गेल्या, त्यांच्यासाठी मळा नव्हता आणि अकादमीचे बोलावणेही नव्हते. वाचनालयातल्या महिलांसमोर हे उदाहरण ठेवताना त्यांना मिळालेल्या अनुकूलतेचाही उल्लेख व्हावा असे मला वाटते. नाहीतर ऐकणाऱ्या बाईला वाटेल की हे सारे आपल्यासाठी नाहीच.

पडद्यामागे, छत्रपती संभाजीनगर

आपला मुद्दा मला मान्य आहे आणि भाषणात तो यावाच. मात्र अनुकूलता पुष्कळांना असते. तिचे पुढे काय केले हे पाहणेही आवश्यक आहे. लंडनला नाट्यशिक्षण घेतल्यानंतर त्यांनी कापडावरील नक्षीकाम शिकून त्यावर नोकरी केली होती, आणि १९२९ च्या मूकपटासाठी त्यांनी प्रथम हात लावला तो वेशभूषा आणि सजावटीच्या कामाला. म्हणजे कॅमेऱ्यासमोर येण्यापूर्वीही त्यांना हाताने काम करण्याची सवय होती. मळ्याच्या बाबतीत मला शेतीतले कळत नाही. तेथे लिनालो नावाच्या झाडांची लागवड होती आणि त्यापासून सुगंधी तेल काढून विकले जात असे, एवढे मी वाचले आहे. शेती करणाऱ्या कोणी यावर लिहिले तर बरे होईल.

काळी माती, रेणापूर

मी लिहितो. माझी कोरडवाहू अठरा एकर आहे. गेली काही वर्षे गवती चहा आणि जिरेनियमचे तेल काढण्याचा छोटा संच माझ्या शेतात आहे, त्यामुळे सुगंधी तेलाच्या झाडांविषयी थोडे वाचावे लागते. लिनालो हे नाव मी त्या निमित्तानेच ऐकले. ते देविका राणींच्या शेतात होते हे मात्र आज येथे कळले आणि वाचून फार आनंद झाला.

हे झाड मूळ मेक्सिकोचे. आपल्याकडे ते रुजले ते मुख्यतः बंगळूरच्या आसपास. गुग्गुळ आणि आपली सालई ज्या कुळातली, त्याच कुळातले हे झाड आहे. अजिंठ्याच्या डोंगरात किंवा किनवटच्या जंगलात ज्यांनी सालई पाहिली आहे त्यांना त्याचा स्वभाव लगेच समजेल: हलक्या, मुरमाड जमिनीत तग धरणारे, उन्हाळ्यात पाने झाडून उभे राहणारे, साल खरवडली की वास सोडणारे. मेक्सिकोत पूर्वी त्याच्या लाकडापासून तेल काढत, त्यासाठी झाड तोडावे लागे. आपल्याकडे ते फळांच्या टरफलांपासून काढतात, त्यामुळे झाड जिवंत राहते आणि दर हंगामाला पुन्हा देते. फळे वेचायची, टरफले वेगळी करायची, वाफेवर तेल काढायचे. वास लव्हेंडरच्या जवळ जाणारा, म्हणून अत्तरे आणि साबण यांच्या धंद्यात त्याला मागणी असते.

नांदेडच्या दादांनी साडेचारशे एकरांचा उल्लेख केला तो बरोबरच आहे. एवढी जमीन असलेल्या माणसाची आणि माझी बरोबरी होऊ शकत नाही. पण एक गोष्ट मला येथे सांगावीशी वाटते, कारण ती मी स्वतः भोगली आहे. सुगंधी तेलाचे पीक म्हणजे आज पेरले आणि चार महिन्यांनी मोंढ्यावर नेले असे नसते. आधी झाड वाढवायचे, मग संच बसवायचा, मग तेल घेणारा शोधायचा. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याने माझे तेल "पाणी राहिले आहे" म्हणून निम्म्या भावाने मागितले होते आणि मी ते तसेच कॅनमध्ये भरून परत आणले होते. तेलाचा कस, साठवण, ग्राहकाची पत हे सगळे पाहावे लागते. लिनालो तर बहुवर्षी झाड. लावणाऱ्याला काही वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी लागते. ज्या दांपत्याने चाळीसेक वर्षे असा मळा राखला, त्यांनी तो नुसता बंगल्याभोवतीची बाग म्हणून राखला असेल असे मला वाटत नाही. मजूर, वेचणी, भट्टी, विक्री यांचा व्याप कुणीतरी सांभाळतच होते. स्टुडिओत पाच वर्षे पगारपत्रके पाहिलेल्या बाईला त्यातले कळत नसेल, हे मला पटत नाही.

ताई, कार्यक्रमासाठी लिनालो काही मिळणार नाही, पण सालईची एक फांदी आणि थोडा डिंक मी पाठवू शकतो. डिंक निखाऱ्यावर टाकला की त्या कुळाचा वास कसा असतो ते सर्वांना कळेल.

खंडपीठाच्या पायऱ्यांवरून, छत्रपती संभाजीनगर

मी उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठात वकिली करतो. चित्रपटाचा माझा अभ्यास नाही, पण तातगुणी हे नाव वाचून थांबलो, कारण जमिनीचे खटले चालवणाऱ्या वकिलाला ते नाव टाळता येत नाही. देविका राणींच्या आयुष्याचा हा भाग त्यांच्या मृत्यूनंतरही सतरा वर्षे चालला, आणि तो चर्चेत यायला हवा असे मला वाटते.

कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात आपल्या महाराष्ट्रातल्या सीलिंग कायद्यासारखीच जमीन धारणेची कमाल मर्यादा आहे. मग साडेचारशे एकर एका दांपत्याकडे राहिले कसे? याचे उत्तर वर रेणापूरच्या दादांनी वर्णन केलेल्या झाडातच आहे. त्या कायद्यात काही पिकांखालच्या जमिनींना सूट दिलेली होती आणि त्या यादीत लिनालोचे नाव होते. लिनालो होते म्हणून मळा अखंड राहिला. ही सूट काढून घेण्याचा अधिकार मात्र सरकारने स्वतःकडे राखून ठेवलेला होता.

दोघांना अपत्य नव्हते. अखेरच्या वर्षांत दोघेही वृद्ध आणि आजारी होते, आणि मळ्यातल्या काही जमिनीच्या विक्रीचे, देणग्यांचे, मृत्युपत्राचे वाद त्या काळातच उभे राहिले. आपल्याकडे हैदराबाद कूळ कायद्याखालच्या जुन्या प्रकरणांत मी पाहतो तेच येथेही दिसते: म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की कागदांना पाय फुटतात. स्वेतोस्लाव रोरिक ३० जानेवारी १९९३ रोजी वारले. लिनालोची सूट काढून घेणारी सरकारी अधिसूचना ८ मार्च १९९४ ची आहे, आणि देविका राणी ९ मार्चला गेल्या. या दोन तारखा निकालपत्रात लागोपाठ वाचताना मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

पुढे १९९६ साली कर्नाटकाने केवळ या एका मालमत्तेसाठी स्वतंत्र कायदा केला. जमीन, चित्रे, कलावस्तू हे सारे सरकारने ताब्यात घ्यावे, चित्रांचे जतन व्हावे, कलादालन आणि संग्रहालय उभे राहावे, असा त्याचा हेतू सांगितला आहे, आणि मोबदल्यापोटी पाच कोटी रुपयांची तरतूद त्यात होती. जमिनीचा काही भाग आपण विकत घेतला आहे असे म्हणणारी कंपनी न्यायालयात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आले आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी निकाल लागला: राज्याचा कायदा वैध ठरला.

निकालाचे महत्त्व मात्र त्या मळ्यापुरते नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून अनुच्छेद ३०० अ मध्ये ठेवला. त्यात एवढेच म्हटले आहे की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही; मोबदल्याचा शब्दही त्यात नाही. मग सरकार एक कायदा करून फुकट जमीन घेऊ शकते का? घटनापीठाने सांगितले की सार्वजनिक हेतू असणे ही अट आहेच, आणि मोबदला मागण्याचा हक्क त्या अनुच्छेदातच अनुस्यूत आहे. मोबदला नाकारायचा किंवा नाममात्र द्यायचा असेल तर त्याचे समर्थन कायद्याच्या कसोटीवर सरकारला करावे लागेल. धरण, रस्ता, औद्योगिक वसाहत यांसाठी जमीन गेलेल्या मराठवाड्यातल्या कितीतरी माणसांच्या वतीने युक्तिवाद करताना आम्ही या निकालाचा आधार घेतो. ज्या शेतकऱ्यासाठी मी तो परिच्छेद वाचून दाखवतो, त्याला देविका राणी कोण हे माहीत नसते. मलाही त्या तातगुणीच्या मालकीण म्हणूनच माहीत होत्या. 'अछूत कन्या' मी नंतर पाहिला.

नांदेडच्या दादांच्या शंकेवर एवढेच लिहितो की अनुकूलता त्यांना होती हे खरे, आणि वारस नसलेल्या वृद्ध स्त्रीचे संरक्षण ती अनुकूलता करू शकली नाही हेही तितकेच खरे. भाषणात दोन्ही सांगावे.

गोदाकाठ, नांदेड

वकील साहेब, हे मला अजिबात माहीत नव्हते. माझ्या शंकेमुळे चर्चा या बाजूला आली याचे समाधान वाटते. लोअर दुधना प्रकल्पात आमच्या आत्याच्या घरची जमीन गेली होती, तेव्हा मोबदल्यासाठी किती वर्षे खेटे घालावे लागले ते मी लहानपणी पाहिले आहे. आपण सांगितलेला परिच्छेद मी शोधून वाचतो.

एक विचारतो: ती चित्रे आता कुठे आहेत?

पडद्यामागे, छत्रपती संभाजीनगर

रोरिक पितापुत्रांची चित्रे एकाच ठिकाणी नाहीत. बंगळूरच्या कर्नाटक चित्रकला परिषदेत त्यांचे स्वतंत्र दालन आहे, आणि स्वेतोस्लाव रोरिक यांचा त्या संस्थेशी निकटचा संबंध होता. नग्गरचे त्यांचे जुने घर आता स्मारक म्हणून पाहता येते. रशियातही पुष्कळ चित्रे आहेत. १९६० साली मॉस्को आणि लेनिनग्राड येथे स्वेतोस्लाव यांच्या चित्रांची प्रदर्शने झाली होती. संसदेच्या जुन्या इमारतीतील मध्यवर्ती सभागृहातले नेहरूंचे तैलचित्र त्यांनीच काढलेले. देविका राणींचीही त्यांनी अनेक व्यक्तिचित्रे रंगवली. ताई, शक्य असल्यास त्यांपैकी एखादे कार्यक्रमात दाखवा. स्टुडिओतल्या छायाचित्रांत त्यांच्या भुवया आणि ओठ रेखलेले असतात, आणि तेच चेहरे आपण पुन्हा पुन्हा छापतो. चित्रात त्या वेगळ्या दिसतात.

वाचनकट्टा, अंबाजोगाई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल दुपारी हे सारे मी सासूबाईंना वाचून दाखवले. स्टुडिओ आणि परिसंवाद त्यांनी शांतपणे ऐकला, लिनालोच्या ठिकाणी मला दोनदा थांबवून झाडाविषयी पुन्हा वाचायला लावले, आणि ८ व ९ मार्चच्या तारखांपाशी त्यांनी डोळ्यांना पदर लावला. नंतर म्हणाल्या, "लेकरू नव्हतं, म्हणून जमिनीनं कोर्टात नाव राखलं." मी ते वाक्य तसेच वहीत लिहून ठेवले आहे.

नांदेडच्या दादांचे म्हणणे मी भाषणात घेणार आहे. आमच्या गटातल्या बहुतेक बायका शेतमजुरी करून, शिवणकाम करून किंवा अंगणवाडीत काम करून संध्याकाळी वाचायला येतात. त्यांच्यापुढे साडेचारशे एकरांची गोष्ट ठेवताना ती कुठून आली हे सांगितलेच पाहिजे.

भाषण मात्र मी करणार नाही. ज्या मुलीने मूळ प्रश्न विचारला तीच करणार आहे. तिने मांडणी उलटी केली आहे: सुरुवात १९४५ पासून, कुलूच्या डोंगरातून, आणि 'अछूत कन्या' शेवटी, तोही सासूबाईंच्या आठवणीतून. सासूबाईंना खुर्चीवरून वाचनालयात नेण्याची व्यवस्था झाली आहे.

रेणापूरचे दादा, सालईची फांदी आणि डिंक २९ तारखेला लातूरहून येणाऱ्या सकाळच्या एस.टी.ने पाठवता आल्यास बसस्थानकावर आमच्यापैकी कोणी तरी येऊन घेऊन जाईल. निखाऱ्यासाठी शेगडी येथे आहे.